मामांचा बास आणि पटाशीच्या खुणा

गेल्या अंकात जुन्या बास गिटारच्या किमतीबद्दल ओझरतं लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं दुखणं एकच: बास जुना आहे, नावाजलेला आहे, पण मधल्या काळात कुणीतरी त्याच्यावर हात साफ करून घेतलाय. या वेळी तीच पत्रं घेतली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. आकडा विचारू नका, मी सांगणार नाही. जुन्या वाद्याचा भाव सारखा हलतो, त्यामागचा हिशेब मात्र फारसा हलत नाही. म्हणून मी जुन्या सवयीने आण्यांत बोलतो. त्याच सालचा, त्याच मॉडेलचा, कुणी हात न लावलेला बास म्हणजे सोळा आणे. तुमचा त्यातले किती आणे उरलाय, एवढंच मी सांगू शकतो.

काका, माझ्या मामांनी त्यांचा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास मला दिलाय. नेक, म्हणजे दांडा, काढून पाहिला तर बुडाशी '5 सप्टेंबर 66 सी' असा शिक्का आहे. मामांनी 1979 च्या सुमारास त्यावर बरंच काम करून घेतलं होतं. मूळ रंग काढून लाकडी पॉलिश, ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तो भाग) दुसऱ्या पिकअपसाठी (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग) खळगा, मागच्या बाजूला बॅटरीसाठी चौकोनी भोक, पितळी नट (नेकच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) आणि बॅडॅस नावाचा जाडजूड ब्रिज. एक विक्रेता म्हणतो, पार्ट सुटे करून विका. दुसरा म्हणतो, मूळ सनबर्स्ट रंग (कडेला गडद, मध्ये फिकट) मारून घ्या, किंमत दुप्पट होईल. कुणाचं ऐकू?

दोघांचंही इतक्यात ऐकू नका. आणि वाढदिवस 5 सप्टेंबरला करू नका, कारण तो 5 म्हणजे तारीख नव्हे. त्या काळी फेंडरच्या शिक्क्यात पहिला आकडा मॉडेलचा असायचा. प्रिसिजनचा 5, फेंडरच्याच जॅझ बासचा 7. पुढे महिना आणि वर्ष, आणि शेवटचं अक्षर नटच्या रुंदीचं. 'सी' म्हणजे पावणेदोन इंच, 'ए' म्हणजे दीड. त्यामुळे तुमचा नेक 1966 च्या सप्टेंबरातला, इतकंच त्यातून कळतं.

आता मामांबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. 1979 साली हा बास 'व्हिंटेज' नव्हता, तेरा वर्षं वापरलेला सेकंडहँड बास होता. तेव्हा लाकूड दिसलं पाहिजे अशी फॅशन होती. पितळ लावलं की सूर जास्त वेळ टिकतो, असं सगळे एकमेकांना सांगत होते. अलेम्बिक कंपनीची महागडी बॅटरीवाली वाद्यं मोठ्या वादकांच्या हातात दिसत होती, डिमार्झिओचे जोरकस पिकअप सुटे मिळत होते. ज्याला नवं वाद्य परवडत नव्हतं, तो आहे त्याच वाद्यात राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, घालत होता. मामांनी चारचौघांनी केलं तेच केलं.

हिशेब करू. तो करताना मी एकच प्रश्न विचारतो: हे काम उलटं फिरवता येईल का?

ब्रिजची काळजी सोडा. बॅडॅसचा तो ब्रिज बहुतेक वेळा फेंडरच्या जुन्याच पाच भोकांत बसतो. मूळ ब्रिज मामांच्या कपाटात कुठे पडला असेल तर शोधा आणि परत बसवा, नुकसान शून्य. पितळी नटही तसाच. तो काढून हाडाचा बसवायला मला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही.

रंगाचं मात्र तसं नाही. मूळ रंग गेला की निम्मी किंमत गेली, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे आणि माझ्या पाहण्यात तो फारसा चुकत नाही. म्हणजे आठ आणे तिथेच संपले. दुसऱ्या पिकअपचा खळगा आणि बॅटरीचं भोक हे तर लाकूडच गेलं. दोन्हींचे मिळून आणखी अडीच-तीन आणे धरा. उरले पाच. मूळ पिकअप, पॉट (नॉबखालचा, आवाज कमीजास्त करणारा भाग), ट्युनर (तारा ताणायच्या खुंट्या), पिकगार्ड (बॉडीवरचं संरक्षक झाकण), क्रोमची दोन झाकणं असं सगळं डब्यात सापडलं तर सहा. म्हणून आधी मामांकडे परत जा आणि जुने खिळे-स्क्रू ठेवलेला डबा मागा. असा डबा प्रत्येक वादकाकडे असतो.

सनबर्स्ट मारून घेण्याबद्दल माझं मत कडक आहे. ते हात दाखवून अवलक्षण होईल. नवा सनबर्स्ट कितीही सुंदर झाला तरी तो 1966 चा होत नाही. गेलेले आठ आणे मूळ रंगाचे होते, रंगाच्या छटेचे नव्हते. शिवाय रंगवण्याआधी दोन्ही खळगे लाकडाचा तुकडा बसवून बुजवावे लागतील. तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा घेतला, रेषा रेषेला जुळवली, तरी हवेतल्या दमटपणाने दोन्ही लाकडं वेगवेगळी हलतात. वरचं लॅकर हळूहळू बसतं आणि वर्षा-दोन वर्षांत उजेड तिरका पडला की बुजवलेल्या चौकोनाची कड पुन्हा वर येते. मी अशा कडा बोटानेच ओळखतो, डोळे मिटून.

आणखी एक धोका आहे. प्रत्येक रंगकामात बॉडी घासली जाते. फेंडरची बॉडी पावणेदोन इंच जाड, म्हणजे साडेचव्वेचाळीस मिलिमीटरच्या आसपास. कॅलिपर लावून चार ठिकाणी मोजा. 1979 च्या कारागिराने पॉलिश पेपर हात सैल सोडून चालवला असेल तर दीड-दोन मिलिमीटर गेलेले दिसतील, आणि हात टेकतो तिथला उतार मेणासारखा विरघळल्यासारखा वाटेल. तशा बॉडीला पुन्हा घासायला दिलंत तर आगीतून फुफाट्यात.

तरी एक करा. पिकगार्ड उघडा आणि टॉर्च घेऊन मूळ पिकअपच्या खळग्यात बघा. पॉलिशवाले वरचा रंग काढतात, खळग्याच्या तळाशी जात नाहीत. तिथे फॅक्टरीच्या रंगाची धूळ उडालेली असते. अशाच एका 'लाकडी' बासमध्ये मला एका कोपऱ्यात नखाएवढा फिकट निळा थर सापडला होता. मालक वीस वर्षं समजत होता की त्याचा बास मुळात सनबर्स्ट होता. फेंडर त्या काळी जादा पैसे घेऊन मोटारींचे रंग मारून द्यायचं आणि तसे बास कमी. थर सापडला म्हणून गेलेला रंग परत आला नाही, पण वाद्याची जात बदलली आणि एखादा आणा वर गेला. म्हणून तिथलं काही पुसू नका, खरवडू नका. फोटो काढा आणि झाकून टाका.

पार्ट विकणाऱ्याचं गणित खोटं नाही, हे कबूल करतो. 1966 चा चांगला नेक, मूळ पिकअप, ट्युनर, पॉट यांना वेगवेगळी गिऱ्हाइकं आहेत आणि सगळ्यांची बेरीज अख्ख्या बासपेक्षा जास्त येऊ शकते. म्हणूनच असे कितीतरी बास खाटकाकडे गेल्यासारखे संपले. पण तुमचा नेक आणि तुमची बॉडी एकत्र फॅक्टरीतून निघालेत, मामांच्या खांद्यावर एकत्र राहिलेत. एकदा सुटे केलेत की तुम्ही स्वतःसुद्धा ते परत जुळवू शकणार नाही. मी असतो तर बॅटरीचं सर्किट काढलं असतं, मूळ पिकअप सरळ पॉटला जोडला असता, रिकाम्या खळग्यावर पिकगार्डच्याच पत्र्याचं झाकण लावलं असतं आणि वाजवला असता. पाच आण्यांचा बास हातात मात्र सोळा आणे वाजतो, कारण नेक तोच आहे.

सर, माझ्या 1963 च्या जॅझ बासचे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आधीच्या मालकाने काढलेत. प्रसिद्ध बासवादक जॅको पास्टोरियसच्या बासचेही फ्रेट काढलेले होते, मग माझ्या बासची किंमत वाढायला हवी ना?

नाही. जॅकोच्या 1962 च्या जॅझ बासची किंमत जॅकोमुळे आहे. त्या बासचे फ्रेट काढलेले, खाचा भरलेल्या, वरून बोटींना लावतात तसलं इपॉक्सी. पुढे तो बास फुटला, तुकडे जोडून पुन्हा उभा केला, 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला, वीस वर्षांनी सापडला आणि मेटालिका बँडच्या रॉबर्ट ट्रुहिलोच्या मदतीने सोडवला गेला. इतकं सोसलेलं वाद्य दुसऱ्या कुणाचं असतं तर सरपणाच्या भावात गेलं असतं.

तुमच्या बासबद्दल मला दोन गोष्टी कळायला हव्यात. खाचा कशाने भरल्यात, आणि फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवर, रंधा मारलाय का? 1962 च्या मध्यापर्यंत फेंडर सपाट बुडाची जाड रोजवुडची पट्टी लावायचं. नंतर खालून वक्र असलेली पातळ पट्टी आली. तुमचा 1963 चा, म्हणजे पातळवाला. त्याच्यावर रंधा चालवला असेल तर घासायला लाकूडच शिल्लक नाही. खाचांत नुसत्या लाकडी चकत्या असतील आणि वरचा पृष्ठभाग तसाच असेल तर चांगला कारागीर पुन्हा फ्रेट बसवू शकतो. मग तुम्ही बारा-तेरा आण्यांपर्यंत परत याल. इपॉक्सीचा थर असेल तर हात लावू नका. फ्रेटलेस म्हणूनच वाजवा आणि आठ आणे धरून चला.

नमस्कार सर. मी बास वाजवते, पण मला सोल्डरिंग येत नाही. एक बास विकायला आलाय, 'पॉट आणि ट्युनर सोडून सगळं ओरिजिनल, 1965'. फोटो छान आहेत. प्रत्यक्ष बघायला जाताना काय बघू?

तुम्ही ते वाक्य जपून ठेवलंत हे बरं केलंत. 'पॉट सोडून सगळं' ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढतो. पॉट हा सगळ्यात बोलका साक्षीदार असतो. त्याच्या पत्र्यावर आकडे ठोकलेले असतात. समजा 304, मग 66, मग 32. 304 म्हणजे स्टॅकपोल कंपनी, 137 असेल तर सीटीएस, 66 हे वर्ष आणि 32 हा त्या वर्षातला आठवडा. बास त्या पॉटच्या आधी तयार झालेला असूच शकत नाही. नंतरचा मात्र असू शकतो. फेंडरने 1966 चे पॉट इतके घेऊन ठेवले होते की पुढची दोन-तीन वर्षं तेच वापरात होते. आता विक्रेत्याने हा साक्षीदारच बाहेर काढून टाकलाय. खराब झाला म्हणून काढला असेल, तसंही होतं. पण जुने पॉट दाखवा म्हणा. जपून ठेवले असतील तर माणूस सरळ आहे.

जाताना स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि नोटा तपासायचा तो जांभळा अल्ट्राव्हायोलेट दिवा घ्या. मालकाने उघडू दिलं नाही तर नमस्कार करून निघा.

पिकगार्ड उघडल्यावर आतल्या वायरींचे सोल्डरचे डाग बघा. सोल्डरिंग येत नसलं तरी चालेल, डोळे पुरेत. जुना डाग राखाडी, निस्तेज, थोडा मळकट असतो. नवा चांदीसारखा चकाकतो आणि आजूबाजूला राळेची पिवळी चिकट कड असते. पॉट बदलले म्हणजे पॉटवरचे डाग नवे असणारच. पण पिकअपमधून येणारी कापडी वेष्टणाची तार मध्येच कापून जोडली असेल, तर पिकअपही कधीतरी बाहेर जाऊन आलाय. शक्य झालं तर तो उचलून बूड बघा. 1964 च्या सुमारास फेंडरच्या पिकअपचं काळं बूड जाऊन राखाडी आलं. 1965 च्या बासमध्ये राखाडी हवं.

मग खळग्याची कड. फॅक्टरीत साचा लावून राउटर फिरवायचे, त्यामुळे मूळ खळग्याचे कोपरे गोल आणि भिंती एकसारख्या असतात, त्यांच्यावर रंगाचा पातळ थर असतो. नंतर कुणी वाढवलं असेल तर तिथे उघडं, फिकट लाकूड दिसतं, आणि घाईत केलं असेल तर पटाशीचे आडवे घाव. बोट फिरवा. मूळ कड गुळगुळीत लागते, नंतरची कुरतडल्यासारखी.

ट्युनरकडे मागून बघा. जुन्या पट्ट्यांची सावली लॅकरमध्ये राहते. नव्या ट्युनरच्या बाजूला ती डोकावते, किंवा काडीपेटीची काडी खुपसून बुजवलेली भोकं दिसतात. जुनीच भोकं वापरली असतील आणि जुने ट्युनर डब्यात असतील तर अर्धा आणा. नव्यांसाठी हेडस्टॉकची, म्हणजे ट्युनर बसतात त्या टोकाची, भोकं मोठी केली असतील तर दोन आणे वजा.

शेवटी खोलीत अंधार करून जांभळा दिवा. जुनं नायट्रो लॅकर हिरवट-पिवळं उजळतं. मध्येच काळसर डाग दिसला तर तिथे नंतर रंग लागलाय. नेकप्लेटवरचा नंबर सगळ्यात शेवटी बघा. चार स्क्रूंवर बसलेला पत्रा आहे तो, कुठल्याही बासवरून कुठल्याही बासवर जातो.

बॉडी 1964 ची, नेक 1971 चा, पिकअप नवे. याला व्हिंटेज म्हणायचं का?

आवळ्याची मोट म्हणायचं. बॉडीची किंमत अधिक नेकची किंमत, बस. 1965 च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकी कंपनीने फेंडर विकत घेतली, म्हणून लोक 'प्री-सीबीएस बॉडी' असं मोठ्याने सांगतात. बॉडी खरोखर 1964 ची असेल तर सांगू द्या. नेक 1971 चा आहे हेही तितक्याच मोठ्याने सांगायला लावा.

गिब्सन कंपनीचा ईबी-3 बास आहे, हेडस्टॉक तुटून चिकटवलाय. मूळ रंग शाबूत. किती आणे?

आठ-नऊ. या जातीच्या वाद्यांचा तो मोडायचा ठरलेला सांधा आहे. हेडस्टॉक मागे झुकलेला, महोगनीच्या रेषा तिथे आडव्या कापल्या जातात आणि वरून ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळीच्या) खाचेने लाकूड आणखी पातळ झालेलं. स्टँडवरून पडला की तिथेच जातो. जोड घट्ट असेल तर वाजवायला काही अडत नाही. जोड लपवण्यासाठी मागून काळा रंग मारू नका. उघडा जोड गिऱ्हाईक स्वीकारतं, झाकलेला जोड दिसला की ते सगळ्याच गोष्टींवर संशय घेतं.

गेल्या अंकात तुम्ही 'जुन्या बासला हात लावू नये' असं लिहिलंत. माफ करा, पण वाद्य वाजवायला असतं. काचेच्या कपाटात ठेवून पूजा करायची का? ज्यांच्याकडे बघून आम्ही शिकलो, त्या सगळ्यांनी आपापले बास कापलेत.

सगळ्यांनी नाही. जेम्स जेमर्सनने 1962 च्या प्रिसिजनवर तार तुटल्याशिवाय तारसुद्धा बदलली नाही. पण तुमचा मुद्दा खरा आहे. गेडी लीच्या 1972 च्या जॅझ बासवर बॅडॅस ब्रिज आहे, मार्कस मिलरच्या 1977 च्या जॅझमध्ये वाद्यकारागीर रॉजर सॅडोस्कीने प्रीॲम्प (आवाज वाढवणारं बॅटरीचं सर्किट) बसवला, बिली शीहनने तर प्रिसिजनच्या नेकजवळ गिब्सनचा पिकअप ठोकून बसवला. या तिघांचे बास त्या कामांमुळेच त्यांचे झाले. फक्त एक लक्षात घ्या. ते काम झालं तेव्हा ती वाद्यं नवी किंवा थोडी जुनी होती आणि त्यांना हवा तो आवाज तयार मिळत नव्हता. आज दोन पिकअपवाला, बॅटरीवाला कुठलाही बास नवा मिळतो. 1964 च्या लाकडात राउटर घालायचं कारणच उरलेलं नाही. वाजवा, रोज वाजवा, घामाने लॅकर उडू द्या, त्याने किंमत फार कमी होत नाही. राउटर फक्त माझ्याकडे आणू नका.

तुमच्या पत्रातला राग मला लागला, त्याला एक कारण आहे. मी बावीस वर्षांचा असताना माझ्याकडे एक जॅझ बास आला. 1961 चा, एकावर एक बसवलेल्या दुहेरी नॉबवाला. ती रचना जॅझ बासवर सुरुवातीची एक-दोन वर्षंच होती, म्हणून आज तिच्यासाठी लोक रांगा लावतात. गिऱ्हाइकाला तीन नॉब आणि प्रीॲम्प हवा होता. प्रीॲम्प खळग्यात मावेना, म्हणून मी भिंत आत सरकवली. राउटर तेव्हा माझ्याकडे नव्हता. पटाशी आणि लाकडी ठोकळा घेऊन अर्धा दिवस लाकूड काढलं. काम झाल्यावर ते दोन दुहेरी पॉट सोल्डरच्या कचऱ्याबरोबर डब्यात टाकले. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. ज्या वाद्याचे चौदा आणे तरी असते, त्याचे मी एका दुपारी सात केले.

ते गृहस्थ अजून तोच बास वाजवतात आणि दर वर्षी सेटअपला माझ्याकडेच आणतात. मी तारा बदलतो, ट्रस रॉड पाव फेरा फिरवतो, इंटोनेशन बघतो. मध्ये एकदा व्हॉल्यूमचा पॉट खरखरतो म्हणाले. म्हटलं, ठेवून जा, उद्या बघतो. त्यांच्यासमोर मी ती कंट्रोल प्लेट उघडत नाही.